सुरतेची जुनी दफनभूमी : वाचकांचे प्रश्न

सुरतेत कतारगाम दरवाजाच्या परिसरात परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या दफनभूमी आहेत. एक इंग्रजांची आहे. दुसरीत डच आणि आर्मेनियन एकमेकांना लागून पुरलेले आहेत. त्यांच्याविषयी आणि अशाच जुन्या थडग्यांविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

लग्नाच्या निमित्ताने सुरतेला जाणार आहोत. हाताशी एक सकाळ आहे. तेवढ्यात काय पाहून होईल? (नाशिक)

दोन्ही ठिकाणं नीट पाहायला तीन तास पुरतात. सकाळी लवकर जा. थडग्यांवरचे लेख झिजलेले आहेत आणि ऊन डोक्यावर आलं की अक्षरांची सावलीच उरत नाही. तिरपं ऊन असेपर्यंत दिसलेली ओळ अकरा वाजता तुम्हाला सापडणार नाही.

आधी इंग्रजांच्या बाजूला जा. सगळ्यांत मोठी इमारत ऑक्झेंडन भावांची आहे, सुमारे ४० फूट उंच आणि २५ फूट व्यासाची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९च्या एप्रिलमध्ये वारला. थोरला सर जॉर्ज इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष होता, तो १४ जुलै १६६९ रोजी वारला. ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख मुद्दाम वाचण्याजोगा आहे, कारण तो अक्षरशः व्यापाऱ्याच्या कीर्दीच्या भाषेत आहे. त्याला आपल्या हिशेबात वर्षं लिहिता आली नाहीत, दिवसच लिहिता आले. मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मालकांनी चाकर गमावला, सोबत्यांनी सोबती, त्याने स्वतः जीव. पण पानाच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकेल की मरण हाच माझा लाभ. वहीची नावे आणि जमा अशी दोन्ही पानं दगडावर उतरलेली अशी दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतात.

याच आवारातलं ज्ञात असलेलं सर्वांत जुनं थडगं फ्रान्सिस ब्रेटन या अध्यक्षाचं, १६४९ सालचं. मुंबईचा पाया घालणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो जेराल्ड ऑन्जियरही ३० जून १६७७ रोजी सुरतेतच वारला. एक भव्य थडगं त्याचं म्हणून दाखवतात. नाव कोरलेलं शोधत बसू नका, ओळख परंपरेने चालत आलेली आहे.

मग डच-आर्मेनियन आवारात या. तिथे लोकांची एक चूक हमखास होते. व्हान रेडे या डच अधिकाऱ्याच्या दुमजली घुमटाचे फोटो काढून सगळे परततात. आर्मेनियनांची थडगी जमिनीलगत आडव्या शिळांची आहेत. तिथे मान खाली घालून चालायचं. पावसाळ्यात गवत वाढलेलं असतं, तेव्हा बंद बूट घाला. ही स्मारकं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे शिळांवर बसू नका, लेखांवर पाणी ओतू नका आणि कॅमेऱ्याला स्टँड लावायचा असेल तर आधी विचारा.

शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखारीत ठाण मांडून बसलेला इंग्रज तो हाच ऑक्झेंडन का? आणि राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आलेलाही हाच? शिवाय लुटीची तारीख एका पुस्तकात ६ जानेवारी आणि दुसऱ्यात १६ जानेवारी दिसते. खरी कोणती? (सातारा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. १६६४च्या जानेवारीत सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं. तेव्हा सर जॉर्जने सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात नांगरलेल्या जहाजांवरून खलाशी आणि शस्त्रं आणून वखार लढती ठेवली. वखार वाचली. पुढे कंपनीने त्याला सोन्याचं पदक दिलं आणि औरंगजेबाने इंग्रज-डचांना जकातीत सवलत दिली. बखरी आणि इंग्रजी पत्रं एकमेकांसमोर ठेवून वाचणाऱ्या मराठी वाचकासाठी हे थडगं फार जवळचं आहे. आपल्या इतिहासातला एक साक्षीदार तिथे पुरलेला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. १६७४ साली रायगडावर आला तो हेन्री ऑक्झेंडन. घराणं तेच, माणूस वेगळा. सर जॉर्जला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आडनाव एकच असल्यामुळे हा घोटाळा छापील लेखांतही सापडतो. थडग्यावरचं १६६९ हे साल लक्षात ठेवलंत की तो पुन्हा होणार नाही.

तारखांचं म्हणाल तर ६ आणि १६ दोन्ही खऱ्या आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. डच ईस्ट इंडिया कंपनी नवी ग्रेगरियन वापरत होती. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचं अंतर होतं, १७०० सालच्या मार्चपासून ते ११ दिवसांचं झालं. म्हणून लुटीचा पहिला दिवस, बुधवार, इंग्रजांच्या कागदात ६ जानेवारी आणि डचांच्या कागदात १६ जानेवारी असतो. आपण दरवर्षी रायगडावर ६ जूनला राज्याभिषेक दिन साजरा करतो, तीही जुन्या गणनेची तारीख आहे. नव्या गणनेने तो दिवस १६ जूनला येतो.

अजून एक खाच आहे आणि ती जास्त फसवी आहे. इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा १ जानेवारीला सुरू होत नसे, २५ मार्चला होत असे. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या कागदावर मागचंच साल पडतं. सुरतेची लूट त्यांच्या पत्रांत जानेवारी १६६३ मध्ये दिसते. सावध लेखक ते १६६३/६४ असं लिहितात. इंग्रज थडग्यावर महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चचे पहिले २४ दिवस असेल आणि साल १७५२च्या आधीचं असेल, तर वहीत उतरवताना दगडावर जे आहे तेच लिहा आणि शेजारी वेगळ्या शाईने दुरुस्त साल लिहा. दगडावरचा आकडा परस्पर बदलून लिहिलात तर पुढचा माणूस आणखी एक वर्ष मिळवतो, आणि चुकीचं मूळ कुठे आहे ते मग कोणालाच सापडत नाही.

युरोपियन ख्रिस्ती लोकांची थडगी मशिदी-दर्ग्यांसारखी घुमटांची कशी? (पुणे)

कारण बांधणारे गवंडी इथलेच होते, वीट आणि चुना इथलाच होता, आणि या शहरात मोठ्या माणसाची कबर म्हणजे काय हे मोगल आणि त्याआधीच्या गुजरात सुलतानीच्या रोज्यांनी, म्हणजे कबरींवरच्या इमारतींनी, ठरवून दिलेलं होतं. वखारीच्या अध्यक्षाला सुभेदारापुढे आणि सराफांपुढे आपला दर्जा दाखवायचा होता. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चच्या अंगणात असतो तसा साधा दगड उभा केला असता, तर सुरतेत त्याचा अर्थ कोणाला कळला नसता. त्यात इंग्रज आणि डच यांची चुरस. १६८९ साली सुरतेत आलेला ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री ऑक्झेंडन आणि ऑन्जियर यांच्या इमारतींचं कौतुकाने वर्णन करतो, आणि डचांपैकी एकाच्या थडग्यावर मद्याचे तीन मोठे प्याले बांधलेले होते हेही नोंदवतो.

आर्मेनियन या चुरशीत फारसे उतरले नाहीत. त्यांची शिळा जमिनीवर आडवी, वर दाटीने कोरलेला मजकूर. घुमटाचा गिलावा पडला की त्यात बसवलेली पाटीही जाते, आणि इंग्रजांच्या कित्येक इमारती आज त्यामुळेच निनावी आहेत. आडवी शिळा झिजते, पण नाव सांगत राहते.

व्हान रेडे या डच माणसाचा आमच्या कोंकणीशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का? (फोंडा)

खरं आहे, आणि गोव्यातल्या प्रत्येक शाळेत हे सांगायला हवं. हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे हा डचांचा मलबारचा कमांडर होता. ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा १२ खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती देणारे मुख्य जाणकार इट्टी अच्युतन हे मलबारचे वैद्य. त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीचे तीन कोंकणी ब्राह्मण होते. पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून दक्षिणेत गेलेल्या समाजातले. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेलं साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे, आणि त्याची भाषा कोंकणी आहे. नागरी अक्षरं युरोपात छापली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ते एक आहे. खिळे तेव्हा नव्हते, अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छाप घेतला.

पुढे व्हान रेडे कंपनीतला भ्रष्टाचार तपासणारा आयुक्त झाला. कोचीहून सुरतेकडे येताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईच्या जवळ समुद्रात जहाजावरच वारला. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला, ३ जानेवारी १६९२ रोजी त्याला सुरतेत पुरलं. वर-खाली सज्जे, खांब आणि दुहेरी घुमट असलेली ती इमारत एके काळी आतून चित्रांनी, ढालीवरच्या कुलचिन्हांनी आणि कोरीव लाकडी खिडक्यांनी सजवलेली होती. त्याच्या तारखा डच कागदांतल्या, म्हणजे नव्या गणनेच्या आहेत. त्यांत १० दिवस मिळवायचे नाहीत.

आर्मेनियन लिपी येत नाही. तरी निदान साल वाचता येईल का? (मुंबई, माझगाव)

येईल. एका दुपारच्या सरावाचं काम आहे. आर्मेनियनांचे जुने आकडे म्हणजे त्यांची अक्षरंच. लिपीतली पहिली ९ अक्षरं १ ते ९, पुढची ९ म्हणजे १० ते ९०, त्यापुढची ९ म्हणजे १०० ते ९०० आणि शेवटची ९ म्हणजे १००० ते ९०००. अठ्ठाविसावं अक्षर ‘रा’, त्याची किंमत १०००. मोठी संख्या आधी, लहान नंतर.

वर्णमालेचा तक्ता जवळ ठेवा आणि ‘थ्विन’, म्हणजे ‘साली’, हा शब्द किंवा त्याचं आखूड रूप शोधा. त्याच्या लगेच पुढे साल येतं. त्यांची नेहमीची कालगणना म्हणजे मोठा आर्मेनियन शक. त्याचं १००० हे वर्ष १५५०-५१ मध्ये येत असल्यामुळे सुरतेतल्या या शकाच्या प्रत्येक सालाची सुरुवात ‘रा’नेच होते. ते एक अक्षर ओळखता आलं की निम्मं काम झालं. ‘रा’ १०००, ‘इनी’ २०, ‘अथ’ ८, बेरीज १०२८. त्यात ५५१ मिळवा, आलं १५७९. कलकत्त्याचे आर्मेनियन अभ्यासक मेस्रोव्ब जेकब सेठ यांनी सुरतेतली सर्वांत जुनी म्हणून जी शिळा वाचली, वोस्कान नावाच्या धर्मगुरूच्या पत्नीची, ती याच सालची आहे. इंग्रजांना सुरतेत व्यापाराचं फर्मान मिळालं १६१३ मध्ये. म्हणजे त्या बाई त्याआधी ३४ वर्षं तिथे पुरलेल्या होत्या. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये आर्मेनियनांना इस्फहानजवळ नेऊन नवं जुल्फा वसवलं, त्याच्याही आधी. सुरतेत पाश्चात्त्य व्यापार इंग्रजांपासून सुरू झाला असं समजणाऱ्याने ही शिळा पाहावी.

आता अडचणी. पहिली, त्यांचं वर्ष सरळ ३६५ दिवसांचं, लीप वर्ष नाही, म्हणून वर्षारंभ हळूहळू मागे सरकत जातो. सोळाव्या-सतराव्या शतकात तो साधारण ऑक्टोबरात होता. त्यामुळे वर्षारंभानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबरचे दिवस असतील तर ५५१ ऐवजी ५५० मिळवा.

दुसरी अडचण मोठी. जुल्फाच्या व्यापाऱ्यांत आझारियाचा शक म्हणून एक वेगळी गणना चाले, तिचं पहिलं वर्ष १६१६. तिच्यात साल छोटं दिसतं. १०५ असेल तर १६१५ मिळवून १७२०. ‘रा’ नाही आणि आकडा लहान आहे, तर आधी हाच शक धरून पाहा. महिन्याचं नाव शम्स, अदाम, नादार किंवा नीरहान असेल तर शंका उरत नाही, ती नावं याच गणनेतली आहेत. मोठ्या शकाचं सूत्र इथे लावलं तर माणूस सातव्या शतकात जातो, आणि सुरतेच्या थडग्याला ते शोभत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या एका बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) थडग्यावर वर हिब्रू आणि खाली मराठी आहे. मराठी साल पुसलं आहे. हिब्रूवरून काढता येईल? (अलिबाग)

येईल. हिब्रूतही अक्षरंच आकडे. बहुतेक थडग्यांवर हजार लिहिलेले नसतात, शेवटचे तीनच अंक असतात. ताव्ह ४००, रेश २००, सामेख ६०, हे ५, बेरीज ६६५. त्यात १२४० मिळवा, १९०५. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तिश्री, हेश्वान, किस्लेव हे महिने असतील तर १२३९ मिळवा. तेवेत मात्र डिसेंबर-जानेवारीवर पसरलेला असतो, तिथे वार दिलेला असेल तर ताडून पाहा.

मराठीतला एखादा अंक उरला असेल तर तो शकाचा आहे की इसवी सनाचा हे आधी ठरवा. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. दोन्ही लिप्यांतून साल एकच आलं पाहिजे. आलं नाही तर बहुधा तुमचं एक हिब्रू अक्षर चुकलं आहे. झिजलेल्या दगडावर दालेत आणि रेश सारखेच दिसतात, आणि एकाची किंमत ४, दुसऱ्याची २०० आहे.

शेताच्या बांधावर जुनं विटा-चुन्याचं थडगं आहे. पाटी आहे पण वाचता येत नाही. गावाने वर्गणी काढून सिमेंटने दुरुस्त करायचं ठरवलं आहे. कसं करावं? (कोल्हापूर जिल्हा)

कृपा करून सिमेंट आणू नका. आणि दुरुस्तीच्या आधी वाचन करा, हा क्रम उलटा झाला की लेख कायमचा जातो.

वाचायला तेल, हळद, खडू, पीठ काहीही लावायचं नाही. तेलाने दगड काळा पडतो आणि धूळ धरतो, पीठावर बुरशी येते, खडू अक्षरांच्या कडा घासतो. मऊ नायलॉनच्या ब्रशने कोरडी धूळ काढा. तारेचा ब्रश आणि फरशीचं ॲसिड पूर्ण वर्ज्य, संगमरवर आणि चुनखडी ॲसिडने विरघळते. मग संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च पाटीच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, आणि डावी, उजवी, वर, खाली अशा चार बाजूंनी चार फोटो घ्या. कॅमेरा हलवायचा नाही. दिवसा करायचं तर पाटीवर छत्रीची सावली धरा आणि दोन फुटी आरशाने बाजूने ऊन टाका. एका फोटोत न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उठून येतं.

आता सिमेंट का नको. जुनी वीट मऊ असते आणि जमिनीतलं पाणी वर ओढते. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर सोडतो. वरून सिमेंट केलं की पाणी आतच अडकतं, त्यातलं मीठ विटेच्या तोंडाशी सुकून फुगतं, म्हणजे लोणा लागतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा विटेचं तोंड घेऊनच निघतो. बाहेरून घट्ट दिसलं तरी आत भुगा झालेला असतो.

कळीचा चुना भिजवून, गाळून, पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे ठेवा. एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दीड ते दोन भाग धुतलेली वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. सुरखी नीट भाजलेल्या विटांची. मिश्रण चुन्याच्या घाण्यात किंवा पाट्यावर चांगलं मळा. विटांमधल्या सैल दरजा २ सेंटिमीटर खोल खरवडून, पाणी मारून भरा. गिलाव्याचा एक थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नका, जाड थर सुकताना फाटतो. वर ओलं गोणपाट घालून ७ ते १० दिवस ओलं ठेवा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. मे महिन्यात चुना धरायच्या आधीच सुकतो आणि हाताला पावडर लागते.

पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका. मूळ विटांमध्ये पसरलेलं असतं, ओढलं की भिंतच येते. बुंधा कापा, कापलेल्या तोंडाला भोकं पाडून तणनाशक भरा आणि मूळ मरू द्या. त्याला काही महिने लागतात. सैल झालेलं मूळ काढून लगेच पोकळीत पातळ चुना ओता.

आणि कुदळ लावण्याआधी जागा कोणाची आहे ते सातबाऱ्यावर पाहा. थडगं संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे. केंद्राच्या कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

पूर्वज सुरतेत कंपनीच्या नोकरीत वारले असं घरात सांगतात. दफनाची नोंद कुठे मिळेल? (ठाणे)

मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्च-नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन ३’ या मालिकेत आहेत आणि त्या १७०९ पासून सुरू होतात. त्याआधीची व्यक्ती असेल तर दफननोंद शोधण्यात वेळ घालवू नका, वखारीच्या पत्रव्यवहारात शोधा. डच कंपनीत असतील तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीचं दप्तर आहे. आडनाव पाच-सहा वर्णांतरांनी शोधा. एकट्या ऑक्झेंडनचंच स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी येतं.